ओल्या सड्यावरची रेघ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला नाही. ऑफिसात ज्याच्याबरोबर रोज डबा उघडतो त्यालाही नाही. दोन-तीनदा तोंडाशी आलं होतं — एकदा तर बारामतीच्या स्टँडवर, शेजारी बसलेल्या अगदी अनोळखी म्हाताऱ्याशी बोलताना — पण दर वेळी गिळलं आणि एसटीला किती उशीर झालाय यावर बोललो. आता लिहायला बसलोय, तर आधी एक सांगून ठेवतो. मी सरळ माणूस म्हणून ओळखला जातो. बारामतीत विचारा, इंदापुरात विचारा — मोजणीचा मिलिंद? नाकासमोर चालणारा, असंच म्हणतील. हे लक्षात असू द्या, कारण ही ओळखसुद्धा याच गोष्टीतून मिळालेली आहे.

मी मूळचा वडगाव निंबाळकरचा. नोकरीमुळं बारामतीत भाड्यानं राहतो. काम नकाशांचं. पूर्वी मोजणीदार साखळी ओढत फिरायचे; आम्ही ड्रोन उडवतो. त्यानं काढलेले शेकडो फोटो संगणकात एकमेकांना जोडले की अख्खं गावठाण वरून दिसेल असा एकच मोठा फोटो तयार होतो. मग मी माऊस घेऊन बसतो आणि एकेका घराची हद्द आखत जातो. घराला नंबर पडतो, नंबराला नाव जोडलं जातं आणि काही महिन्यांनी त्या माणसाच्या हातात मिळकत पत्रिका येते. शेताला सातबारा असतो, गावठाणातल्या घराला काहीच नव्हतं. चार पिढ्या एका घरात गेल्या, पण हे घर माझं असं सांगणारा कागद नाही — अशा लोकांच्या हातात पहिल्यांदा कागद पडताना मी पाहिलाय. एक आजी तर पत्रिका उलटी धरून बराच वेळ बघत होती. मला हे काम आवडतं. त्याच नकाशावरून पंचायत नळाची नवी लाइन कुठून न्यायची ते ठरवते, गटार कुणीकडं उतरतंय ते बघते, दिवे कुठं कमी आहेत ते मोजते. आवडतं, हे मुद्दाम सांगतोय. कामाचा कंटाळा होता म्हणून हातून असं घडलं, असं कुणी म्हणू नये.

आता फक्कीचं सांगायला हवं.

ड्रोनला भिंत दिसते, छप्पर दिसतं. हद्द दिसत नाही. हद्द माणसांच्या डोक्यात असते. म्हणून ड्रोन यायच्या आदल्या संध्याकाळी गावात फक्की मारतात — चुन्याची पांढरी पूड, कबड्डीच्या मैदानाला मारतात तीच. शेजाऱ्याला समोर उभं करायचं आणि दोघांच्या संमतीनं हद्दीवर रेघ ओढून घ्यायची. त्या संध्याकाळी गावात काय काय ऐकायला मिळतं! कुणाचा आजा कुणाच्या आजाला काय म्हणाला होता, कुणाची म्हैस कुठं बांधलेली असायची, सगळं बाहेर येतं. पण अंधार पडेपर्यंत रेघा पडतात. सकाळी ड्रोन त्या रेघा वरून टिपतो, आणि मी त्या रेघांवरून आखतो.

यात एक गोम आहे. आपल्याकडं बायका उठल्या की आधी काय करतात? अंगण झाडतात, सडा घालतात. वरून आलेल्या सूचनापत्रात ड्रोनची बॅटरी कशी ठेवायची ते होतं, वारा किती चालेल ते होतं. सड्याचं नाव नव्हतं. सूचना लिहिणाऱ्यांच्या घरी सडा कोण घालतं, कुणास ठाऊक. पहिल्याच एका गावात निम्म्या रेघा सकाळी खराट्यानं गेल्या, तेव्हा आम्ही शहाणे झालो. मग पद्धतच पडली — आदल्या दिवशी दवंडी द्यायची, आणि उजाडायच्या आत मोजणीच्या माणसानं स्वतः आळीआळीतून फिरायचं. बायांनो, ड्रोन जाईस्तोवर झाडू नका, सडा घालू नका. फिरता फिरता प्रत्येक रेघ बघायची आणि शेवटी एका कागदावर सही करायची : सर्व खुणा सकाळी समक्ष तपासल्या. तो मोजणीचा माणूस म्हणजे मी.

गावाचं नाव लिहीत नाही. दोन तालुक्यांच्या शिवेजवळचं आहे एवढं पुरे. मूळ गावाचं शेवटचं घर बबनतात्यांचं, रस्त्याला तोंड करून. त्याच्या मागं आमच्या बौद्ध वस्तीचं पहिलं घर — कमलमावशींचं. मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, आणि पहिल्या दिवशी जय भीम घालून नाव-गाव विचारल्यावर मी वस्तीतलाच एक होऊन गेलो. "आपला पोरगा मोजणीत हाय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. चहा प्यायल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

त्यांचे यजमान म्हणजे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस. लकव्यानं उजवी बाजू गेली आणि बोलणं अडखळायला लागलं. डॉक्टर म्हणाले, मोठ्यानं वाचत जा. तेव्हापासून रोज सकाळी मावशी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून रस्त्यावर, विहाराजवळच्या कट्ट्यापाशी नेऊन सोडायच्या, आणि गुरुजी पेपर मोठ्यानं वाचायचे. एक बातमी वाचायला कधी अर्धा तास लागायचा. कट्ट्यावरची चार-सहा माणसं ऐकत बसायची, घाई करायची नाहीत. मधेच कुणी म्हणायचं, "गुर्जी, ह्यो देश कुठं आला?" आणि गुरुजी डाव्या हातानं हवेत नकाशा काढायचे. तेवढे दोन तास ते पुन्हा वर्गात असायचे. मावशी म्हणायच्या, "तेवढ्यावरच त्यो माणूस उभा हाय बघ."

त्या कट्ट्याकडं जायची वाट एकच — बोळ. एका अंगाला तात्यांचं घर, दुसऱ्या अंगाला पंचायतीच्या जुन्या गोदामाची भिंत. तात्यांच्या जोत्यापासून गोदामापर्यंत सव्वाचार फूट. खुर्ची आरामात जायची. मागच्या बाजूनं नाला आणि दगड, तिकडून चाक जायचं नाव नको.

इथवर आलो. पुढचं लिहिताना हात थांबतोय, पण आता थांबून कसं चालेल?

फक्कीच्या त्या संध्याकाळी मी गावात होतो — चारपर्यंत. मग निघालो. बावड्याला माझ्या मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तात्यांच्या आळीत फक्की पडायची राहिली होती. मी पंचायतीच्या शिपायाला म्हटलं, तुम्ही मारून घ्या, मी पहाटे येऊन बघतो. खरंच बघणार होतो. साडेचारचा गजरही लावला होता. मग? — मग काही नाही हो. गजर झाला, मी बंद केला. उठलो तेव्हा उजाडलं होतं. निघालो तर सासूबाई आडव्या आल्या, "पाव्हणं, न्ह्यारी केल्याबिगर जायाचं न्हाय." मी बसलो. कुणी हात धरून बसवलं नव्हतं. उपीट चांगलं झालं होतं आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. मनात हिशेब हाच, की नऊच्या आत काही ड्रोन उडत नाही.

त्या दिवशी वारा नव्हता. पोरांनी आठलाच उडवला. मी साडेनवाला पोचलो तेव्हा ते बॅटऱ्या पेटीत भरत होते. त्यांच्यातला एक जण कागद पुढं करून म्हणाला, "सर, तेवढी सही." सर्व खुणा सकाळी समक्ष तपासल्या. मी गाडीवरून उतरलोही नव्हतो. पेट्रोलच्या टाकीवर कागद ठेवला आणि सही केली.

आदल्या संध्याकाळी मावशींनी मला फोटो पाठवला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं त्या गुरुजींना सोलापूरच्या दवाखान्यात नेणार होत्या, रेघेपाशी राहायला घरी कुणीच नव्हतं. फोटोत बोळ, तात्यांचं जोतं आणि जोत्याला लागून सरळ पांढरी रेघ. फोटोखाली आवाजातला निरोप : "बाळा, उद्या आमी दोघंबी न्हाय. तात्या आन मी मिळून रेघ मारलीया. फोटू टाकलाय, बघ. तेवढं ध्यान ठिव." मेहुण्याच्या मांडवात, जेवणाच्या पंगतीत बसून मी तो ऐकला. उत्तरादाखल अंगठा पाठवला. तो अंगठ्याचा शिक्का म्हणजे माझा शब्द होता, नाही का? दुसरं काय असतं ते?

पुढं तीन आठवड्यांनी संगणकावर त्या गावाचं काम आलं. मी आखत आखत तात्यांच्या घरापाशी पोचलो, फोटो मोठा केला, आणि थांबलो. आमच्या फोटोत बोटभर वस्तूसुद्धा कळते. सगळ्या गावातल्या रेघा रात्रीच्या दवानं जरा विसकटलेल्या, फिकट झालेल्या होत्या. तात्यांच्या दारापुढं मात्र जमीन गडद होती, ओली. तो गडद पट्टा घराच्या कडेनं बोळात शिरला होता. सडा. आणि त्या ओल्या सड्यावर एक जाड, पांढरीफेक, ताजी रेघ. जोत्याला लागून नाही — जोत्यापासून चांगली अडीच फूट पुढं, बोळात.

मला सगळं कळलं. त्यात कळायचं तरी काय होतं? तात्यांच्या सुनेनं रोजच्यासारखं उठून झाडलं, सडा टाकला. तिला बिचारीला सांगणारा बावड्यात उपीट खात होता. रेघ गेली. वर ड्रोनची घरघर ऐकून तात्या फक्कीची पाटी घेऊन धावले आणि पुन्हा रेघ मारली. तात्या काही दरोडेखोर नव्हेत. पण फक्कीची पाटी हातात असली आणि शेजारी गावाला गेलेला असला, तर कुणाचा हात पलीकडं सरकत नाही? सरकू नये म्हणून तर मोजणीचा माणूस तिथं उभा असतो.

फोनमध्ये मावशींचा फोटो होता. समोर पडद्यावर हा फोटो. साहेबांची खोली दहा पावलांवर. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं : साहेब, ही एक हद्द चुकलीय, मी त्या सकाळी तिथं नव्हतो. मी काय केलं? पाणी पिऊन आलो. खुर्चीवर बसलो, आणि त्या ताज्या रेघेवरूनच हद्द आखली. अगदी काटेकोर. कामात मी कधी हयगय करत नाही.

म्हटलं, हरकती मागवतात ना, तेव्हा बघू. तेव्हा मावशी बोलतील, सुनावणी होईल, आपोआप दुरुस्त होईल. आपोआप! स्वतःला फसवायला हा शब्द फार सोयीचा असतो.

हरकत आलीच. सुनावणी पंचायतीच्या हॉलमध्ये होती. साहेब खुर्चीवर, शेजारी मी लॅपटॉप घेऊन, समोर गाव. गुरुजींना दारात खुर्चीवर बसवलं होतं. साहेबांनी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "सुनंनं सडा घातला, रेघ इस्कटली. म्या परत वढली. हुती तितंच वढली, सायेब." फक्की मारणारा शिपाई तात्यांच्या भावकीतला, त्याला काही आठवेना. साहेबांनी माझी सही असलेला कागद काढला आणि माझ्याकडं वळले. "मिलिंद, ड्रोनच्या आधी तू तपासली होतीस ना ही रेघ?"

मी म्हटलं, "हो साहेब."

एवढं सोपं असतं ते. काही होत नाही. जीभ जड होत नाही, घाम फुटत नाही.

मग मावशी उभ्या राहिल्या. "सायेब, आदल्या दिशीचा फोटू म्या मिलिंदला धाडला व्हता. माझा मोबाईल दवाखान्यात पडला, फुटला, त्यातलं समदं गेलं. पर त्येच्या मोबाईलमधी आसंल बघा." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट थोडा आनंदच होता. आता मिटलं, असा. शेवटी पोरगा आपलाच होता.

मागून कुणीतरी हळू बोललं, पण हॉलभर ऐकू गेलं : "मोजणीवाला त्यांच्यातलाच हाय. न्हाय त्यो फोटूबी निघंल."

हे वाक्य मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला औषधासारखं पाजलं. त्या वाक्यामुळं मी असा वागलो, असं. आपल्या माणसांना झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून. ऐकायला बरं वाटतं — जणू काही मोठ्या तत्त्वासाठी केलं. पण खरं सांगू? ते वाक्य आलं तेव्हा मला राग आला नाही. सुटल्यासारखं झालं. माझी सही खोटी होती, कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं, आणि कायम होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आहे असं कानावर आलं होतं. फोटो दाखवला असता तर साहेबांनी पुढचा प्रश्न विचारलाच असता — मग सकाळी तू काय तपासलंस? मी भ्यालो. बाकीची सगळी सजावट.

मी फोन काढला. वर-खाली सरकवला. फोटो तिथंच होता; माझ्या अंगठ्याखाली बोळ, जोतं, सरळ रेघ. खाली मी पाठवलेला अंगठा. मी मान वर केली आणि म्हटलं, "नाही साहेब. असा फोटो मला आलेला नाही."

मावशी माझ्याकडं वळल्या. मला वाटलं आता भडकतील, ओरडतील, शिव्या देतील. मी त्याची वाटच बघत होतो. निदान मला उलटून बोलता आलं असतं. त्यांनी कपाळावर हात मारला. "मग माझंच चुकलं आसंल. आमाला कुठं ह्यातलं कळतंय? माझ्याच हातनं कुठं भलतीकडं गेला आसंल फोटू." आणि गावासमोर, हॉलभर माणसांसमोर म्हणाल्या, "पोरावर बालंट नको."

मला वाचवायला उभ्या राहिल्या हो त्या. माझ्यापासूनच.

बाहेर पडल्यावर तात्यांच्या पुतण्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मानलं, सायेब. आपलं-परकं बघितलं न्हाय." ही गोष्ट गावातून तालुक्यात गेली, तालुक्यातून आमच्या ऑफिसात. साहेबांनी नाव सुचवलं. मी कायम झालो. आता नवीन पोरांना शिकवायला मलाच पाठवतात. डाळजला परवाच जाऊन आलो. फक्की कशी मारायची, सकाळी आधी काय बघायचं, सही कधी करायची, सगळं सांगितलं. सहीवर मी फार जोर देतो. पोरांना वाटतं, सर शिस्तीचे आहेत.

पैसे घेतले होते का, असं तुमच्या मनात येईल. नाही. तात्यांचा चहासुद्धा घेतला नाही. घेतले असते तर निदान काहीतरी कारण असतं.

तात्यांच्या हातात पत्रिका पडली, त्यावर हद्द छापलेली. सहा महिन्यांत त्यांनी हद्दीवर भिंत घातली. कायद्यानं त्यांचं बरोबरच होतं; नकाशा माझा होता. बोळ राहिला एकवीस इंच. खुर्ची सव्वीस इंचाची. पाच इंच — रोज माऊसच्या एका हेलकाव्यात मी याहून जास्त अंतर इकडचं तिकडं करतो.

सुरुवातीला वस्तीतले दोघे गुरुजींना उचलून रस्त्यावर आणायचे, खुर्ची मिटून मागून यायची. आठ-दहा दिवस चाललं. मग एके सकाळी गुरुजींनी हात झटकले. शब्द जुळवायला वेळ लागला, पण म्हणाले, "मला — पोतं — करू नका." त्यानंतर ते बाहेर आले नाहीत. वरच्या कचेरीत अपील करा, असं कुणीतरी सुचवलं होतं. मावशी म्हणाल्या, "कागदावर उठलंय, आता त्येला काय करायचं?" हेही मला त्यांच्याच तोंडून कळलं.

म्हणजे मी जायचो तिथं? हो, जायचो. ऐकायला विचित्र वाटेल. न गेलो तर संशय येईल, म्हणून पहिल्यांदा गेलो. पुढं का जात राहिलो, ते मला नीट सांगता येणार नाही. गुरुजी खाटेवर बसून पेपर वाचायचे, पण आता हळू, ओठांतल्या ओठांत. ऐकायला कुणी नव्हतं ना. एकदा त्यांनी खुणेनं नवा नकाशा दाखव म्हटलं. भूगोलाचा माणूस. मी मोबाइलवर त्यांचं घर काढून दाखवलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट हळूहळू बोळावर आणलं, तिथंच ठेवलं आणि म्हणाले, "बा — रीक — झाला." माझ्याकडं बघितलं. मावशी चहा गाळता गाळता हसल्या, "त्यास्नी आता समदंच बारीक दिसतंया." मी मोबाइल खिशात घातला. चहा प्यायलो. साखर कमी होती असं काहीतरी बोललोही.

गेल्या उन्हाळ्यात गुरुजी गेले.

सकाळी निरोप आला. मी साईटवर होतो, तसाच गेलो. घरापुढं वस्ती जमली होती, कट्ट्यावरची माणसंही आली होती. वंदना झाली. तिरडी उचलली आणि दहा पावलं जाऊन बोळापाशी थांबली. दोन्ही बाजूंनी खांदा द्यायला जागाच नव्हती. कुणी म्हणालं, नाल्याकडून न्या. मावशींचा भाऊ म्हणाला, "न्हाय. गुर्जी दगडातनं जायाचं न्हाईत." सगळे उभेच. तेवढ्यात बबनतात्या पुढं आले. उघड्या डोक्यानं, हातात पहार. "कमल, भिताड पाडतू. आत्ता पाडतू, लई येळ लागायचा न्हाय." त्यांचा आवाज फुटत होता. तात्यांना असं पुढं होताना मी बघितलं. तोंड उघडायला तेवढी एक जागा होती, आणि मी तिथं हात बांधून उभा होतो.

मावशींनी मान हलवली. "आता कशाला, तात्या?"

मग त्यांनी गर्दीत कुणाला तरी शोधलं. मला शोधलं. "मिलिंद, तू फुडं हो, बाळा. तुला मापं कळत्यात."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी ओळखला असता, चोराच्या मनात चांदणं असतं. त्या मनापासूनच म्हणाल्या. मी पुढं झालो. तिरडीचं पुढचं टोक हातात घेतलं, मागचं मावशींच्या भावानं. बाकी सगळे बाजूला झाले. तिरडी थोडी कलती करावी लागली. मी पाठमोरा, एकेक पाऊल मागं टाकत, एकीकडं तात्यांची भिंत, दुसरीकडं गोदामाची, आणि समोर गुरुजींचा चेहरा. मधेच त्यांचा खांदा भिंतीला घासला. मी थांबलो, सावरलं. मावशी मागून सांगत होत्या, "सावकाश, बाळा. सावकाश."

बोळातून बाहेर रस्त्यावर आलो. खांदे बदलले, माणसं कट्ट्याच्या बाजूनं चालायला लागली. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "मिलिंद व्हता म्हून नीट निघालं बघा."

मी मान हलवली, हो म्हणून.